आधी जमीन, मग बी

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा विषय ठरलेला होता : ‘परदेशातील माझी वाटचाल’. मी म्हटलं, त्यात ऐकण्यासारखं फार काही नाही. इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, मग लंडनच्या वायव्येला हॅरो नावाचा भाग आहे तिकडे गेलो. पुण्यात दिवसभर संगणकासमोर बसत होते, तिथेही तेच करते. खिडकीतून दिसणारं झाड तेवढं बदललं. पलीकडून उत्तर आलं, “मग त्या गवताचं बोल. ग्रुपवर फोटो टाकला होतास ना?”

तर आज मी गवताविषयी बोलणार आहे. घरामागच्या बहात्तर चौरस मीटर हिरवळीविषयी, म्हणजे साधारण पावणेआठशे चौरस फुटांविषयी. तीस वर्षांनी भेटतोय आणि ही बाई गवतावर काय बोलते, असं ज्यांना वाटत असेल त्यांना आधीच सांगते की शेवटची काही मिनिटं आपल्या शाळेच्या मैदानाविषयी आणि आपण जमवलेल्या निधीविषयी आहेत. तेव्हा कुणी चहाला उठू नये.

आम्ही ते घर २०१९ साली घेतलं. १९३० च्या दशकात बांधलेलं, एक भिंत शेजाऱ्याशी सामाईक असलेलं जोडघर. मागे लांबट बाग, आणि बागेच्या मधोमध ज्याला तिकडे लॉन म्हणतात ते. आमचं लॉन म्हणजे लॉनची थट्टा होती. कुंपणाच्या सावलीत सगळं शेवाळ, मध्ये टक्कल पडल्यासारखे पट्टे, दोन उंचवटे. आणि कपडे वाळत घालायच्या दोरीखाली एक खड्डा. खड्डा म्हणजे उघडा नव्हे. वर गवत वाढलेलं, त्यामुळे दिसायला सपाट आणि पाय टाकला की वीतभर खाली.

तो खड्डा आम्हाला पहिल्या महिन्यातच कळला होता. नवरा गवत कापताना तिथे मशीन उचलून धरायचा. मुलगी उडी मारून पलीकडे जायची. मी कपड्यांची बादली घेऊन आपसूक डावीकडून वळसा घ्यायचे. तीन वर्षांत आमची पावलं इतकी तयार झाली की खड्डा आहे हेही आठवेनासं झालं.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात ‘माहीत असलेले दोष’ अशी एक यादी असते. दोष सापडलेला असतो, नोंदलेला असतो, पण वापरणारे त्याला वळसा घालायला शिकलेले असतात, म्हणून तो दुरुस्त करायची घाई कुणालाच नसते. मग एक दिवस नवा माणूस येतो. त्याला वळसा कुणी सांगितलेला नसतो.

आमच्या घरात तो नवा माणूस म्हणजे माझी आई.

आई २०२२ च्या मे महिन्यात सहा महिन्यांसाठी आली. तो उन्हाळा तिकडच्या लोकांच्या कायम लक्षात राहील. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमध्ये तापमान पहिल्यांदाच ४० अंशांच्या वर गेलं. आमचं गवत वाळून पिवळं पडलं आणि जमिनीला भेगा पडल्या, इतक्या की माझ्या मुलीचा तळहात उभा आत जायचा. मुलगी घाबरली. आई मात्र त्या भेगांशेजारी उकिडवी बसली आणि एक ढेकूळ उचलून बोटांत फोडून बघायला लागली.

आईचं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. काळ्या रानात ती लहानाची मोठी झाली. ती म्हणाली, “ही तर आपली काळीच की गं. नुसता रंग काढून घेतलाय.”

मी नंतर शोधून बघितलं तर तिचं म्हणणं बरोबर होतं. हॅरोचा बराचसा भाग ‘लंडन क्ले’ म्हणतात त्या चिकणमातीवर बसलेला आहे. ती माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते आणि फाटते, अगदी आपल्या काळ्या जमिनीसारखी. माझ्या घराखाली काय आहे हे मला तीन वर्षांत कळलं नव्हतं. तिला एका ढेकळात कळलं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी आभाळ भरून आलं. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होते. आई दोरीवरचे कपडे काढायला धावली आणि त्या खड्ड्यात पडली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. वय एकाहत्तर.

हॉस्पिटलमध्ये नर्सनं विचारलं, कशा पडलात? आई मराठीत म्हणाली, “माझंच ध्यान नव्हतं.” आणि मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. त्या क्षणी ते भाषांतर मला बरोबर वाटलं. रात्री झोप लागेना तेव्हा कळलं की मी खोटं बोलून आले होते. ध्यान तिचं नव्हतं असं नाही. खड्डा मला माहीत होता आणि मी तो तिला सांगितला नव्हता, कारण मीच तो विसरले होते.

अपराधी वाटलं की माणूस घाईनं काहीतरी करतो. पुढच्याच शनिवारी मी दुकानातून मातीच्या चार पिशव्या आणि गवताच्या बियांचा डबा आणला. खड्ड्यातल्या गवतावरच माती ओतली, थापली, वर बी भुरभुरवलं, झारीनं पाणी घातलं आणि हात धुतले. पाऊण तासात काम झालं. आमच्या भाषेत याला पॅच मारणं म्हणतात.

आई प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून दारातून बघत होती. ती एवढंच म्हणाली, “पेरणी अशी असती व्हय?”

नव्हतीच. निम्मं बी कबुतरांनी खाल्लं. जे उगवलं ते उन्हानं करपलं. ऑक्टोबरच्या पावसात माती खाली बसली आणि खड्डा चार बोटं पुन्हा वर आला. नोव्हेंबरात आई परत गेली. पडल्यापासून तिनं त्या गवतावर पाऊल ठेवलं नव्हतं. मागच्या दारात उंबऱ्याशी उभी राहायची, ऊन खायची आणि आत यायची. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात बांधावरून चालताना खाली बघितलं नाही, ती आमच्या बागेला घाबरायला लागली.

पुढच्या वर्षी मी तिला बोलवायला लागले तर ती टाळायला लागली. “मी आले की तुझ्या रजा जातात. माझी अडचणच हुती तिकडं.” तेव्हा मी ठरवलं की ही जमीन नीट करायची. गवत चांगलं दिसावं म्हणून नाही. माझ्या आईला माझ्या घरात मोकळेपणानं चालता यावं म्हणून. तिला म्हटलं, मला शेतीतलं काही येत नाही, तू आल्याशिवाय हे काम होणार नाही. ते खरंही होतं. ती २०२३ च्या ऑगस्टमध्ये आली.

आमचे शेजारी एक ऐंशीच्या घरातले इंग्रज आजोबा आहेत. त्यांच्या हिरवळीवर तुम्ही कॅरम खेळू शकाल इतकी ती सपाट. मी त्यांना विचारलं, कुठलं बी चांगलं? त्यांनी उलट विचारलं, तुमचा खड्डा खड्डा का आहे? मला उत्तर देता आलं नाही. ते म्हणाले, बी शेवटी. बियांचा डबा आणायचा तो सगळ्यात शेवटच्या दिवशी.

मग पहिलं काम मोजमापाचं. इथे शाळा कामाला आली. आठवीत शास्त्राच्या बाईंनी जोडलेल्या भांड्यांचा प्रयोग करून दाखवला होता. आठवतोय? एक भांडं रुंद, एक निमुळतं, एक वाकडं; पण पाणी सगळ्यांत एकाच पातळीवर उभं राहायचं. आणि त्याच वर्षी आमच्या घराचं काम चाललं होतं तेव्हा गवंडी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन याच नियमानं जोत्याची पातळी काढत होता. मी हॅरोच्या दुकानातून तशीच बारा मीटर नळी आणली. एक टोक घराच्या पायरीशी ठेवलेल्या पट्टीला लावून आईनं धरलं, दुसरं टोक आणि दुसरी पट्टी घेऊन मी बागेत. दर मीटरला एक नोंद. आठ मीटर गुणिले नऊ मीटर, म्हणजे नव्वद नोंदी. आई आकडे वाचायची, माझी मुलगी लिहून घ्यायची. त्या दिवशी आई पडल्यानंतर पहिल्यांदा घराच्या पायरीवर येऊन बसली.

आकडे संगणकात घातले आणि रंग दिले तेव्हा सगळं दिसलं. दोन उंचवटे चार आणि पाच सेंटीमीटरचे. खड्डा अकरा सेंटीमीटर खोल आणि जवळजवळ गोल, दोन मीटर व्यासाचा. गोल का? कारण शोधायला खणलं तर हातभर खाली कुजलेल्या लाकडाचा भुगा लागला. आधीच्या कुणी मालकानं तिथलं झाड तोडलं होतं आणि बुंधा तसाच गाडून वर गवत लावलं होतं. लाकूड कुजत गेलं, वरची माती खाली बसत गेली. मी वर कितीही माती ओतली असती तरी ती खालीच गेली असती. आपण मूळ कारण, मूळ कारण म्हणतो. माझ्या खड्ड्याचं कारण अक्षरशः मूळ होतं.

आता काम सांगते, थोडक्यात, कारण काहींना घरी उपयोगी पडेल.

आधी गवत आखूड कापलं. शेवाळावर हिराकस फवारलं. हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. त्यानं शेवाळ काळं पडून मरतं. दोन आठवड्यांनी आजोबांकडून आणलेल्या लवचीक दातांच्या दाताळ्यानं सगळं खरवडलं. मेलेलं शेवाळ आणि वर्षानुवर्षं साठलेल्या जुन्या काड्यांचा थर निघाला. तो थर राहिला तर बी मातीला टेकतच नाही, वरच लोंबकळतं आणि वाळून जातं. मागच्या वर्षी माझं निम्मं बी तसंच गेलं असणार. खरवडून झाल्यावर लॉन इतकं भयाण दिसायला लागलं की नवरा म्हणाला, आधीचं बरं होतं.

मग जमिनीला श्वास. पोकळ दातांचं एक पायानं दाबायचं अवजार मिळतं. ते रोवून उपटलं की बोटाएवढी मातीची कांडी बाहेर येते. दर वीतभर अंतरावर एक भोक. चिकणमातीत हे करावंच लागतं, नाहीतर पाणी वरच थांबतं आणि मुळं खाली जात नाहीत. त्या भोकांत वाळू, पोयट्याची माती आणि चाळलेला कुजका पालापाचोळा यांचं मिश्रण झाडूनं लोटलं.

उंचवट्यांना वरून तासायचं नसतं. कुदळीच्या पात्यानं गवताला आडव्या एच अक्षरासारखा छेद द्यायचा, दोन्ही पाखं पुस्तकाच्या पानासारखी उलटायची, खालची जास्तीची माती काढायची आणि पाखं परत मिटवायची. उथळ खोलगट जागी उलट. तिथे वरून माती द्यायची, पण एका वेळी सेंटीमीटरभर, म्हणजे गवत त्यातून डोकं काढू शकतं. मोठ्या खड्ड्याला मात्र यातलं काही चालत नाही. त्याचं सगळं गवत सोलून काढलं, कुजकं लाकूड हाताला लागेल तेवढं उपसलं, आणि माती चार-चार बोटांच्या थरांनी भरली. प्रत्येक थर टाचांनी तुडवला. पाऊण टन मातीची एक मोठी पिशवी पुढच्या दारात उतरवून घेतली होती. ती एकचाकी गाडीनं बोळातून मागे नेली, सतरा खेपा. टाचांनी तुडवताना मी, नवरा आणि मुलगी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून ओळीत चालत होतो. आई पायरीवरून म्हणाली, “पालखीला निघाल्यासारखं दिसताय.”

आणि मग सगळं अडलं. मी पेरणीसाठी ४ सप्टेंबरपासून आठवडाभर रजा टाकली होती. त्याच आठवड्यात उष्णतेची लाट आली. इंग्लंडमध्ये सप्टेंबरात सलग सात दिवस पारा ३० अंशांच्या वर, असं आधी कधी झालं नव्हतं. माती विटेसारखी झाली. रजा संपली आणि पाऊस आला. आता माती बुटाला चिकटून यायला लागली. मी चिडचिड करायला लागले तेव्हा आई म्हणाली, “रजा बघून पेरत्यात व्हय? वाफसा बघून पेरायचं.”

वाफसा हा शब्द मी तीस वर्षांत उच्चारला नव्हता. माती ओलीही नाही आणि कोरडीही नाही, हातात घेतली तर गोळा होते आणि सोडली तर फुटते, ती स्थिती. तीन दिवसांनी शेजारचे आजोबा कुंपणाशी आले, वाकून आमच्या बाजूची मूठभर माती घेतली, दाबली आणि कंबरेच्या उंचीवरून खाली सोडली. गोळा फुटला. त्यांनी अंगठा दाखवला. आईनंही मूठभर घेतली, दाबली, सोडली. गोळा फुटला. दोघांना एकमेकांची एक अक्षर भाषा येत नाही. आई मला म्हणाली, “म्हातारं शेतकऱ्याच्या पोटचं दिसतंय.”

पेरणी त्याच संध्याकाळी केली. राय-ग्रास आणि फेस्क्यू या दोन गवतांचं मिश्रण. राय-ग्रास लवकर उगवतं आणि पायाखाली टिकतं, फेस्क्यू सावकाश येतं पण सावलीत आणि कोरड्यात तग धरतं. चौरस मीटरला पस्तीस ग्रॅम, म्हणजे सगळ्या जागेला अडीच किलो. बियांत कोरडी वाळू मिसळली, म्हणजे कुठे पडलं आणि कुठे राहिलं ते दिसतं. निम्मं उभं फोकायचं, निम्मं आडवं.

मी बादली उचलली तर आई पायरीवरून उठली. म्हणाली, “आण इकडं.” तिनं पदर खोचला, बादली डाव्या हातात धरली आणि उजव्या हातानं, त्या मोडून जुळलेल्या मनगटाच्या हातानं, बी फोकत चालायला लागली. कुठे चालतेय याकडे तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. ती खड्ड्याच्या जागेवरून चालत गेली, परत फिरली, पुन्हा त्यावरून आली. तिचे हात एकसारखे फिरत होते. मध्येच थांबून हसायला लागली. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, “जन्मभर रानातली हराळी उपटली गं. आज पैसं मोजून गवत पेरतीया.”

सगळ्या कामाला मिळून आमचे नऊ दिवस गेले. पेरणीला चाळीस मिनिटं लागली. पैशांचंही तसंच, एकूण खर्चात बियांचा वाटा दहावा हिस्साही नव्हता.

पुढचं राखणीचं काम आईचं. जुन्या साडीच्या चिंध्या दोऱ्यांना बांधून तिनं कबुतरं हुसकली. सकाळ-संध्याकाळ बारीक झारीनं पाणी, मातीवर तळं होऊ न देता. आठव्या दिवशी सकाळी सहा वाजता तिनं मला हाक मारून उठवलं. जमिनीशी डोळे नेऊन तिरपं बघितलं की दिसत होतं, हिरव्या केसांसारखं. गवत सहा-सात सेंटीमीटर झाल्यावर पहिली कापणी, तीही वरच्या एक-तृतीयांशाचीच. जास्त कापलं तर कोवळं रोप दमतं.

आणि ऑक्टोबरच्या शेवटी एका शनिवारी मी खिडकीतून बघितलं तर आई कपड्यांची बादली घेऊन दोरीपाशी उभी होती. एकटी. वर बघत होती, आभाळाकडे. खाली नाही. मी तिला हाक मारली नाही.

सगळं छान झालं असं सांगून मी खोटं बोलणार नाही. कुंपणाच्या सावलीत शेवाळ दर हिवाळ्यात परत येतं. उरलेलं लाकूड अजून कुजत असणार, कारण गेल्या दोन वर्षांत ती जागा दीड सेंटीमीटर खचली. मी दर सप्टेंबरात नळी काढते, मोजते, थोडी माती आणि मूठभर बी देते. एक दिवसाचं काम असतं. ते एक वर्ष चुकवलं तरी चालेल असं वाटतं, आणि तिथेच पुन्हा वळसा सुरू होतो.

आता मैदानाकडे येते.

काल संध्याकाळी मी मैदानावर जाऊन आले. खो-खोच्या खांबाजवळचा तो दगड आठवतोय? माझ्या गुडघ्यावर त्याची खूण आहे. तो अजून तिथेच आहे. पाण्याच्या टाकीजवळ पावसाळ्यात तळं साचायचं, तिथे आता खोल घळ पडली आहे. तिथे खेळणाऱ्या सातवीच्या मुलांना मी विचारलं, इथे पडायला होत नाही का? एक मुलगी म्हणाली, “आम्हाला म्हाईत हाय, आम्ही वळून जातो. पाचवीतली पडत्यात.”

हे ऐकल्यावर माझ्या पोटात काय झालं ते तुम्हाला आता सांगायला नको.

आपल्या तुकडीनं मैदानासाठी निधी जमवला आहे. ग्रुपवर दोन सूचना आहेत : हिरवळ लावावी, किंवा कृत्रिम गवत टाकावं. दोन्हींमागची भावना मला कळते. उद्घाटनाच्या दिवशी हिरवं दिसेल, फोटो चांगला येईल. पण मी जे गवत लावलं ते थंड हवेचं. लंडनला वर्षाला साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. आपला पाऊस चार महिन्यांत येऊन जातो आणि पुढे आठ महिने कोरडं. इथे टिकेल ती आपली हराळीच, जी आपण गणपतीला वाहतो. तीही शेकडो पायांखाली, उन्हाळ्यात पाणी न देता टिकणार नाही. आणि कृत्रिम गवत त्या दगडावर आणि घळीवर अंथरलं तर ते माझ्या पहिल्या पॅचसारखंच होईल. खड्डा दिसणार नाही, एवढाच फरक. दिसत नाही तोच खड्डा जास्त वाईट, हे माझ्या आईच्या मनगटाला विचारा.

आपण असताना पी.टी.चे सर क्रीडामहोत्सवाआधी काय करून घ्यायचे? प्रत्येक वर्गाला एक पट्टा वाटून द्यायचे. आपण दगड वेचायचो, टोपल्यांनी मुरूम टाकायचो, पाणी शिंपडायचो आणि दहाजण मिळून तो दगडी रोलर ओढायचो. तेव्हा आपल्याला ती शिक्षा वाटायची. सरांचं कौतुक आपण कधी केलं नाही, कारण मैदान चांगलं असलं की ते दिसतच नाही. सर, तुम्ही आज समोर बसला आहात. तीस वर्षं उशिरा का होईना, मी तुमचे आभार मानते.

माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, आधी मैदान मोजूया. दुसरी, पाणी कुठून येतं, कुठे थांबतं आणि घळ का पडली हे कळल्याशिवाय वरच्या थरावर एक रुपया खर्च करू नये. तिसरी, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते : सगळा निधी एकदम खर्च न करता त्यातला मोठा भाग बँकेत ठेवूया, आणि त्याच्या व्याजातून दरवर्षी पावसाळा संपल्यावर मुरूम, रोलर आणि दोन माणसांची मजुरी द्यायची. त्याला उद्घाटन नसेल, कोनशिला नसेल, फोटोही येणार नाही. फक्त पाचवीतली मुलं पडणार नाहीत.

आई आज इथे आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचं तोंड बघून मला कळतंय की भाषण लांबलं.

मी परवा परत जातेय. पण उद्या रविवार आहे. सकाळी सात वाजता मी पाण्याची नळी घेऊन मैदानावर येणार आहे. आठवीची काही मुलं येतो म्हणाली आहेत, त्यांना तो भांड्यांचा प्रयोगही दाखवायचा आहे. नळीला दोन टोकं असतात. एक मी धरेन. दुसरं धरायला तुमच्यातलं कुणीतरी या.